हायब्रिड गाडी गावात २४ देते आणि हायवेला १७. हे उलटं कसं?

एरंडोलचा_पाहुणा (धागाकर्ता), रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसतं वाचत आलो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

दिवाळीत स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही घेतली. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर आणि बॅटरी, प्लग लावायची भानगड नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग धागा ब्रँडच्या भांडणात जातो आणि तिथून परत येत नाही. कागदावरचं ॲव्हरेज २८ च्या जवळ.

घर एरंडोलला, दुकान जळगावला. आठवड्यातून एकदा धुळे, अधूनमधून शिरपूर. जळगावात अजिंठा चौफुली, इच्छादेवी, आकाशवाणी चौक असं रडत-रखडत गेलं की स्क्रीनवर २३-२४ दिसतं. चौपदरी हायवेला ११० ला सोडली की आकडा घसरत घसरत १७ वर येतो. सासरे म्हणतात, "हायवेला ॲव्हरेज वाढतं हे शेंबडं पोरही सांगेल. तुमची गाडीच डिफेक्टिव्ह आहे." सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन लावून बघितलं, "सगळं ओके आहे सर" म्हणाले आणि गाडी धुऊन परत दिली.

जाणकारांनी सांगावं, गाडीत दोष आहे की चालवण्यात की रस्त्यात?

---

डिझेल_आप्पा, रात्री ९.२५

दोष घेण्यात आहे 😀 माझी जुनी डिझेल गाडी धुळ्याहून नाशिकला जाताना आजही १९-२० देते, तीसुद्धा पाच माणसं आणि पोतंभर ज्वारी घेऊन. बॅटरी नाही, मोटर नाही, कटकट नाही.

---

अमळनेरना_भाऊ, रात्री ९.३१

आप्पा, तुमनी गाडी ॲव्हरेज देस ते खरं, पन धूर कितलं देस ते बी सांगा ना.

---

यंत्रवेल्हाळ, रात्री १०.०२

गाडी ठणठणीत आहे. सासऱ्यांचं म्हणणं साध्या पेट्रोल गाडीला शंभर टक्के लागू पडतं, फक्त हायब्रिडला पडत नाही. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

साध्या गाडीचं पेट्रोल गावात कुठे जातं बघा. चौफुलीला उभं असताना इंजिन चालूच असतं. मुंगीच्या पावलानं पुढे सरकताना इंजिनावर इतका कमी भार असतो की तिथे त्याची कार्यक्षमता सगळ्यात वाईट. आणि ब्रेक दाबला की पेट्रोल जाळून कमावलेला वेग डिस्कवर घासून उष्णता होऊन उडून जातो. हायब्रिडवाल्यांनी नेमकी हीच गळती बुजवली आहे. उभी असताना इंजिन बंद, रांगताना मोटर, आणि ब्रेक दाबला की तीच मोटर जनरेटर होऊन वेगाची वीज करते आणि बॅटरीत टाकते.

आता पारोळ्याच्या पुढे रस्ता सरळ आहे आणि तुम्ही एकाच वेगाने चाललाय. थांबणं नाही, रांगणं नाही, ब्रेक नाही. जी गळती बुजवायची ती तिथे नाहीच, मग वाचणार काय? उरतं फक्त इंजिन. तेही चांगलंच आहे. ॲटकिन्सन सायकलचं असतं, म्हणजे झडप उशिरा बंद करून ताणलेल्या वायूकडून जास्तीत जास्त काम काढून घ्यायचं. अशा इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या घरात जाते. त्याचा दम जरा कमी असतो, ती उणीव मोटर भरून काढते. पण ११० ला त्याच्यासमोर जी हवा उभी असते तिचं काय करणार?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर विरोध ५६ टक्के जास्त. ८० वरून ११० वर गेलात तर जवळजवळ ९० टक्के जास्त. एसयूव्हीचं नाक उंच आणि छाती रुंद, त्यामुळे तिला हा मार सेडानपेक्षा जास्त बसतो.

राहिला कागदावरचा आकडा. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. वेग ९० च्या वर जात नाही, सरासरी वेग तर त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि एसी बंद. म्हणजे थांबत-सुटत चालणाऱ्या गाडीला पोषक अशीच ती परीक्षा आहे. हायब्रिड तिथे पहिल्या नंबराने पास होणारच.

---

एरंडोलचा_पाहुणा, रात्री १०.२०

दंडवत सर. पण मग बॅटरी कशाला आहे? हायवेला बॅटरीवर चालवता येत नाही का? माझ्याकडे 'ईव्ही मोड' चं बटण आहे, दाबलं तर थोडा वेळ चालते आणि लगेच आपोआप इंजिन सुरू.

---

यंत्रवेल्हाळ, रात्री १०.४१

हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडमध्ये बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासाची असते. म्हणजे घरच्या मीटरचं पाऊण युनिट. पूर्ण इलेक्ट्रिक नेक्सॉनमध्ये ३० युनिट आणि त्याहून जास्त असतात, यावरून अंदाज घ्या. त्यात हायब्रिडची बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती पूर्ण रिकामी करत नाही आणि गळ्यापर्यंत भरतही नाही, मधलाच पट्टा वापरते. त्यावर सपाट रस्त्याने सावकाश दोन-तीन किलोमीटर जाल.

तुम्ही दुकानदार आहात म्हणून सांगतो, हिला गल्ला समजा. दिवसभर पैसे येतात-जातात, रात्री हिशेब जवळपास तेवढाच. त्यात साठवून कोणी श्रीमंत होत नाही. प्लग नाही, म्हणजे बॅटरीतला प्रत्येक थेंब एकतर पेट्रोलमधून आलाय किंवा ब्रेकमधून परत मिळालाय. स्क्रीनवर "६० टक्के वेळ ईव्ही" दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही, त्यातला पेट्रोलचा वाटा आधीच जळून गेलेला असतो.

म्हणून ते बटण दाबून गाडी जबरदस्तीने बॅटरीवर चालवू नका. बॅटरी उतरली की इंजिनाला एकाच वेळी गाडीही ओढावी लागते आणि बॅटरीही भरावी लागते. पार्किंगमधून गाडी काढताना किंवा रात्री गल्लीत आवाज नको असेल तेव्हा ते बटण ठीक.

---

जामनेर_एक्सप्रेस, रात्री १०.५०

माझ्या अर्टिगावर पण हायब्रिडचा बिल्ला आहे. मला तर गावात २४ कधीच मिळालं नाही. मला फसवलं का?

---

यंत्रवेल्हाळ, रात्री १०.५४

ती माइल्ड हायब्रिड. बेल्टवरचा जनरेटर-कम-स्टार्टर सुटताना इंजिनाला थोडा हात लावतो आणि सिग्नलला बंद झालेलं इंजिन गुपचूप सुरू करतो. चाकं एकट्या विजेवर फिरत नाहीत. या धाग्यातलं बरंचसं तुमच्या गाडीला लागू नाही, हवा आणि वेग मात्र सगळ्यांना सारखेच.

---

भुसावळ_जंक्शन, सकाळी ६.१५

लवकर उठायची सवय जात नाही. आयुष्य रेल्वे इंजिनाच्या कॅबमध्ये गेलं, आता मुलाची हायब्रिड चालवतो. चर्चा वाचून राहवलं नाही.

ब्रेक मारून वीज परत करायचं हे काम आमच्याकडे जुनंच आहे. थ्री-फेज इंजिनं, म्हणजे डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९, ही रिजनरेटिव्ह ब्रेकवर घाट उतरताना वीज वरच्या तारेत परत देतात. कसारा घाटात भरलेली मालगाडी खाली येते तेव्हा ती वीज तारेतून वर चढणाऱ्या गाडीला मिळते. कारला ती सोय नाही, तिची वीज तिच्याच पाऊण युनिटाच्या डब्यात जाणार. डबा भरला की संपलं.

पण चालवायची रीत तीच. आम्हाला डबल यलो दिसला की पुढचा सिग्नल यलो असू शकतो, त्यापुढचा लाल. म्हणजे थांबायचं आहे हे दीड-दोन किलोमीटर आधी कळतं. चांगला पायलट तिथेच पॉवर काढून गाडी वाहू देतो, कोस्टिंग म्हणतो आम्ही. नवशिक्या शेवटपर्यंत ओढतो आणि मग ब्रेक खातो. कारमध्ये सिग्नल दोन किलोमीटर आधी दिसत नाही, पण समोरच्या गाडीच्याही पुढची गाडी दिसते ना? तिचे लाल दिवे लागले की पाय काढा. समोरचा ब्रेक मारेपर्यंत वाट कशाला बघायची?

आणि ब्रेक कसा मारता यावर सगळा खेळ आहे. पेडल हलकं, लांबून दाबलं तर आधी मोटर काम करते, काटा 'चार्ज'मध्ये जातो. जोरात, शेवटच्या क्षणी दाबलं तर मोटरला तेवढी वीज एवढ्या कमी वेळात घेताच येत नाही, उरलेलं काम डिस्क करते आणि ते पैसे गरम हवेत जातात. मुलाला हे शिकवायला मला त्याच्या बापाचा आवाज काढावा लागला 😀

---

डिझेल_आप्पा, सकाळी ८.३०

साहेब, कोस्टिंग आम्हीही करतो. लळिंगच्या उताराला न्यूट्रल मारला की धुळ्याच्या वेशीपर्यंत फुकटात गाडी. ट्रकवाल्यांनी शिकवलेली विद्या.

---

भुसावळ_जंक्शन, सकाळी ८.४५

आप्पा, ती विद्या तुमच्या गाडीतही धोक्याची आहे, उताराला इंजिनाचा आधार सुटतो. हायब्रिडमध्ये तर उलटी पडते. 'एन' मध्ये टाकली की बॅटरी चार्जच होत नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. जी वीज फुकटात मिळणार होती तीच गेली. 'डी' मध्येच ठेवून पाय काढायचा, बाकीचं गाडी बघते. सिग्नलला उभं असतानाही 'एन' नको, लोक सवयीने टाकतात.

---

हवा_पाणी_धुळे, सकाळी ९.२०

आपलं टायरचं दुकान आहे म्हणून दुकानापुरतंच बोलतो. ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची हवा कमी निघते. दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर हवेचा आकडा लिहिलेला असतो. एकट्या-दुकट्याला वेगळा, भरलेल्या गाडीला वेगळा. तो वाचायचा सोडून लोक "टाका तीस" म्हणतात.

आपल्याकडे एक घोळ आणखी. मे महिन्यात पारोळ्याहून तापलेल्या डांबरावर गाडी आणायची आणि उतरल्याबरोबर हवा बघायची. गरम टायरला चार-पाच पॉइंट जास्त दिसतात. पोरगं ते काढून टाकतं, आणि रात्री टायर गार झाला की हवा कमी. सकाळी गाडी फार चालायच्या आधी हवा बघा. आणि रुंद टायर, मोठी अलॉय लावून ॲव्हरेज विचारायला येऊ नका, मला हसू आवरत नाही.

---

नंदुरबारची_मिरची, सकाळी ११.०५

माझी केस वेगळी आहे. घर ते शाळा तीन किलोमीटर, मध्ये बाजार. वरच्या हिशेबाने मला सगळ्यात चांगलं ॲव्हरेज मिळायला हवं, कारण हायवे नाहीच. पण डिसेंबर-जानेवारीत १३-१४ च्या वर जात नाही. गाडी तशीच, कंपनीचं नाव मीही सांगत नाही. सकाळी स्टार्ट केली की इंजिन लगेच सुरू होतं, मी गेटमधून बाहेर पडायच्या आधीच. बॅटरी भरलेली दिसते, तरी इंजिन चालूच.

---

यंत्रवेल्हाळ, सकाळी ११.३०

ताई, ते इंजिन तुम्हाला ओढण्यासाठी चालू नाही, स्वतःला गरम करण्यासाठी चालू आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. इंजिनातलं पाणी आणि ऑइलही ठरावीक तापमानाला यावं लागतं. नंदुरबारच्या थंड सकाळी याला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुमची शाळा येते. संध्याकाळी पुन्हा थंड इंजिन, पुन्हा तेच. इंजिन बंद ठेवून चालायची वेळ येते तेव्हा तुम्ही हजेरी घेत असता.

यावर औषध फारसं नाही. बाजार, बँक, क्लास ही कामं वेगवेगळ्या फेऱ्यांत न करता एकाच फेरीत उरका, म्हणजे एकदा तापलेलं इंजिन वापरलं जाईल. बाकी तीन किलोमीटरला स्कूटर काय वाईट?

---

नंदुरबारची_मिरची, सकाळी ११.३८

स्कूटर मुलाने बळकावली आहे. आणि उन्हाळ्यात काय करायचं? तेव्हा इंजिन लवकर तापतं म्हणता, तरी मे मध्येही १६.

---

भुसावळ_जंक्शन, दुपारी १२.१०

मे महिन्याचा भुसावळ मला विचारा. पारा ४५ च्या आसपास, गाडी उन्हात उभी, स्टिअरिंगला हात लावला तर चटका. अशी गाडी सुरू करून एसी १८ वर ठेवला की काय होतं ते मी मुद्दाम बघितलं. या गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, इंजिनाच्या बेल्टवर नाही. त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गार हवा येते, ही मोठी सोय. पण ती वीज बॅटरीतूनच जाते. स्क्रीनवर बॅटरीच्या दांड्या एकेक करून उतरतात, आणि मग गाडी जागेवर उभी असताना इंजिन घरघरायला लागतं, बाण इंजिनाकडून बॅटरीकडे. तीन सिलिंडरचं असलं की पायाखाली थरथर जाणवतेच.

मी आधी चारही काचा उघडून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, भट्टी बाहेर निघते. मग एसी २५ वर. सावली मिळाली तर चार पावलं लांब लावतो. अंगणातलं कडुनिंबाचं झाड पाडायला निघाले होते, मी आडवा पडलो.

---

यंत्रवेल्हाळ, दुपारी १२.२५

त्यात एक भर. बऱ्याच हायब्रिड गाड्यांची बॅटरी गाडीच्या आतल्या हवेवर गार होते. हवा आत घेणारी जाळी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा आणि तिच्यावर गोणी, बॅग, उशी काही ठेवू नका. जाळीत धूळ बसू देऊ नका, आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला तोटा नाही. बॅटरी तापली की गाडी तिला सांभाळायला तिचा वापर कमी करते आणि भार इंजिनावर येतो.

---

साक्री_पवनचक्की, दुपारी २.००

सगळ्यांनी सगळं सांगितलं, वारा कोणी सांगितला नाही. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या का? जून-जुलैत पश्चिमेचा वारा असा सुटतो की दुचाकीवाला तिरपा चालतो. धुळ्याहून साक्री, नवापूरकडे जाताना तो वारा थेट तोंडावर. गाडीचा काटा ९० दाखवतो, पण समोरून २५ चा वारा असेल तर गाडीच्या नाकाला ११५ चा वारा लागतो. वर सरांनी सांगितलेलं वर्गाचं गणित लावा, हवेचा विरोध साठ टक्क्यांहून जास्त वाढला. येताना तोच वारा पाठीशी.

म्हणून जायचं ॲव्हरेज बघून रडायचं नाही आणि यायचं बघून नाचायचं नाही. जाऊन-येऊनचं एकत्र बघा. पावसाळ्यात त्यात रस्त्यावरचं पाणी. टायरला ते पाणी बाजूला सारावं लागतं, त्यालाही पेट्रोल लागतं. आणि काळ्या मातीवरचा खचलेला रस्ता असेल तर एक्सलेटर-ब्रेक-एक्सलेटर, विचारू नका.

---

पुण्यातला_खान्देशी, दुपारी ३.१५

आमची हायक्रॉस हायब्रिड आहे, दोन लिटर इंजिनवाली. कागदावर २३.२४. दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी येतो, नाशिक-मालेगावमार्गे. माझा अनुभव असा की पुण्यातलं ट्रॅफिक शिव्या देण्यासारखं असलं तरी गाडीला ते मानवतं. हायवेला वेग धरला की आकडा उतरतो, धागाकर्त्यासारखंच.

लग्नसराईत एकदा टपावर कॅरिअर लावून त्यावर बॅगा आणि आईने दिलेलं धान्य बांधलं होतं. ॲव्हरेजचा जीव गेला. वजनापेक्षा टपावरची ती उघडी भिंत जास्त खाते. तेच सामान आत मागे टाकलं तर एवढं जाणवत नाही. आता रिकामं कॅरिअरही काढून ठेवतो, तेही वाऱ्यात शिट्ट्या मारतं.

---

जामनेर_एक्सप्रेस, दुपारी ३.४०

आणि ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल? सगळे त्याच्याच नावाने खडे फोडताहेत.

---

यंत्रवेल्हाळ, दुपारी ४.१०

त्याचा वाटा आहेच, पण १७ आणि २४ मधलं अंतर त्याने भरत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के ऊर्जा कमी भरते. पण त्याआधीही आपण शुद्ध पेट्रोल टाकत नव्हतोच, १० टक्केवालं होतं, त्यामुळे प्रत्यक्ष फरक त्याच्या निम्म्याच्या आसपास. सरकारने १० टक्क्यांसाठी बनवलेल्या आणि २० टक्क्यांना जुळवलेल्या गाड्यांना १-२ टक्के, बाकीच्यांना ३-६ टक्के घट सांगितली होती. २० वर एक किलोमीटर इकडे-तिकडे, एवढाच हा मामला. तुमचा उजवा पाय याहून कितीतरी जास्त खातो.

बाय द वे, धागाकर्ते, १७ हे स्क्रीनवरचं की टाकीवरचं?

---

एरंडोलचा_पाहुणा, संध्याकाळी ७.३०

स्क्रीनवरचं. टाकीवर काढायचा प्रयत्न केला, पण पंपावरचा पोरगा "भाऊ, अजून बसतं" म्हणून गाडी गदागदा हलवून भरतो. ऑटो कट, म्हणजे नोझल आपोआप बंद, झाल्यावर आणखी दोन लिटर घुसवलं त्याने.

---

हवा_पाणी_धुळे, संध्याकाळी ७.५०

त्याला हात जोडा. पहिल्या ऑटो कटला थांबा, तोच पंप, शक्यतो तेच नोझल, गाडी त्याच जागेवर. ट्रिप मीटर शून्य करा. टाकी बऱ्यापैकी उतरल्यावर परत तसंच भरा, किलोमीटर भागिले लिटर. नुसत्या पाच-दहा लिटरवर काढलेला आकडा खोटा, कारण तिथे अर्धा लिटर इकडे-तिकडे झालं तरी सगळं गणित फिरतं. स्क्रीन बहुतेक गाड्यांत थोडी गोडच बोलते.

---

एरंडोलचा_पाहुणा, पुढच्या रविवारी, रात्री ९.००

अपडेट देतो. या आठवड्यात धुळ्याला जाताना-येताना क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवतो तो) ८५ वर ठेवला. हवा सकाळी गार टायरला स्टिकरप्रमाणे केली, एसी २५. पहिल्या ऑटो कटपासून पुढच्या ऑटो कटपर्यंत टाकीवर मोजलं, २२ च्या थोडं वर आलं. गाडी तीच, रस्ता तोच.

वेळेचंही सांगतो. जळगाव-धुळे साधारण ९० किलोमीटर. कागदावर ११० आणि ८५ मध्ये पाव तासाचा फरक येतो. प्रत्यक्षात तेवढाही पडला नाही, कारण ट्रॅक्टर, टोल, गावातून वळणारी एसटी, मध्येच कठड्यातल्या फटीतून उलटा येणारा दुचाकीवाला, यांच्यापाशी ११० वालाही माझ्याच शेजारी येऊन उभा राहतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर धरले तर १७ ने ८८ लिटर आणि २२ ने ६८ लिटर. वीस लिटर! पेट्रोल १०५ ने धरलं तरी एकवीसशे रुपये.

सासऱ्यांना हिशेब दाखवला. म्हणाले, "मग एवढी महागाची गाडी ८५ ने चालवायची होती तर मारुती ८०० काय वाईट होती?"

---

अमळनेरना_भाऊ, रात्री ९.१२

सासराशी वाद घालानं नही भाऊ. ॲव्हरेज वाढी, पन जावईनं मान कमी व्हई.

---

डिझेल_आप्पा, रात्री ९.३०

११० हे तसंही कायद्यात बसत नाही. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्याला कारला १०० ची मर्यादा आहे, मला चलन आलंय म्हणून पाठ आहे 😀

पण एक मुद्दा मी सोडणार नाही. ज्याचं सगळं चालवणं धुळे-नाशिक, धुळे-सुरत असं हायवेचंच आहे, त्याने हायब्रिडला वरचे दोन-तीन लाख का द्यावे? वर तुम्हीच सिद्ध केलंय की हायवेला हायब्रिडचं कौतुक फार उरत नाही.

---

यंत्रवेल्हाळ, रात्री ९.५५

आप्पांशी इथे मी सहमत. महिना तीन हजार किलोमीटर आणि तेही १००-११० ने, असं चालवणारा माणूस असेल तर डिझेलचा पर्याय आजही हिशेबात बसतो. ज्याचं निम्म्याहून जास्त चालवणं जळगाव, धुळे, भुसावळच्या चौकांतलं आहे किंवा ८०-८५ ला समाधानी आहे, त्याला हायब्रिड फळते. सगळ्या हायब्रिड एकसारख्याही नसतात. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये गावात बहुतांश वेळ मोटरच चाकं फिरवते आणि इंजिन नुसतं वीज करतं. हायवेच्या वेगाला मात्र क्लच जोडून इंजिन थेट चाकांना लावतात, म्हणजे विजेत रूपांतर करण्यातला तोटा वाचतो. टोयोटाच्या पद्धतीत प्लॅनेटरी गिअरमधून इंजिन आणि मोटर दोघांची ताकद कायम वाटून घेतली जाते. शिवाय सिटी ही सेडान, खाली असल्याने तिला हवाही कमी कापावी लागते. मात्र पावसाळ्यात आपल्या गावाकडच्या फरशीवरून (ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून) तिचं पोट घासतं, तोही हिशेब करा.

आणि ८५ म्हणजे ८५ लाच चिकटून राहायचं असंही नाही. सपाटीला क्रूझ ठीक. चढ-उताराला क्रूझ बंद करून चढावर वेग पाच-सातने पडू द्यायचा, उतारावर परत मिळवायचा. क्रूझला ते कळत नाही, तो चढावर वेग टिकवण्यासाठी इंजिन ओरडवतो.

---

नंदुरबारची_मिरची, रात्री १०.१०

चढ-उतारावरून आठवलं. सुट्टीत तोरणमाळला जायचं ठरतंय, शहादा-म्हसावदमार्गे. पाच माणसं. चढाला बॅटरी संपली तर गाडी अडकेल का? आणि उतरताना बॅटरी फुल भरून फुकटात घरी येता येईल का?

---

यंत्रवेल्हाळ, रात्री १०.३५

अडकणार नाही. बॅटरी तळाला गेली तरी इंजिन आहे. लांब चढावर मोटरची मदत कमी होते, इंजिनाचा आवाज वाढतो, ॲव्हरेज १०-१२ दिसेल, घाबरू नका.

उतरताना फुकटचं फार नाही. कन्नड घाटाचं गणित करून ठेवलंय, तेच देतो. माणसांसकट गाडी १६०० किलो आणि उतार ३०० मीटर धरला तर साधारण १.३ युनिट ऊर्जा सुटते. टायर, वारा आणि रूपांतरातला तोटा वजा केला तरी अर्ध्या युनिटाच्या आसपास बॅटरीकडे येऊ शकतं. बॅटरीत जागा त्याहून कमी, म्हणजे अर्धा घाट उतरेपर्यंत ती भरते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर आहे, तिथला उतार याच्या दुपटीहून जास्त. सात पायरीची वळणं संपायच्या आत दांड्या भरलेल्या दिसतील.

बॅटरी भरली की मोटरचा ब्रेक जवळपास नाहीसा होतो, आणि तुमच्या पायाला सवय झालेली ती ओढ एकदम कमी वाटते. काही गाड्यांत तेव्हा इंजिन मोठ्याने फिरायला लागतं, पेट्रोल न जाळता, नुसता वेग खायला. ते बिघाड नाही.

---

भुसावळ_जंक्शन, रात्री १०.५०

ताई, वर असतानाच बॅटरीत थोडी जागा ठेवा, म्हणजे निघायच्या आधी पार्किंगमध्ये इंजिनाने भरवू नका. उताराला लागलात की लिव्हर 'बी' वर, म्हणजे इंजिन ब्रेकवर, इंजिन गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. सपाटीला आलात की परत 'डी', कारण 'बी' मध्ये रोज चालवलं तर वाहवत जाणारी गाडी उगाच अडते. मागून कोणी हॉर्न देत असेल तर बाजूला घ्या आणि त्याला जाऊ द्या. आणि पेट्रोल शहाद्यालाच भरून घ्या.

---

नंदुरबारची_मिरची, रात्री १०.५८

'बी' म्हणजे मी आजवर बॅटरी समजत होते 🙏 शहाद्याला पहिल्या ऑटो कटला थांबेन. आल्यावर आकडा टाकते, जाऊन-येऊनचा.